अपघाताची भरपाई: सही करण्याआधी आकडा स्वतः मांडा

जुलै २०२३ मध्ये कात्रज-कोंढवा रस्त्यावर एका मोटारीने माझ्या स्कूटरला धडक दिली. उजव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली. तिसऱ्या दिवशी गाडीमालकाचे मेहुणे दवाखान्यात आले. बोलायला अगदी सज्जन माणूस. उशाशी पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, चाळीस हजार आहेत. पोरगा आत्ताच नोकरीला लागलाय. कोर्टात जाऊन कुणाचं भलं झालंय? चपला झिजतात नुसत्या." सोबत स्टॅम्पपेपर होता. त्यावर टाईप केलेलं होतं, 'माझी वाहनचालकाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व यापुढेही राहणार नाही.'

बिलाचा आकडा ऐकून आम्ही आधीच हबकलो होतो. यजमानांनी पेन हातात घेतलंही होतं. माझे दीर मध्ये पडले. "वहिनींना आधी घरी येऊ दे, मग बघू," एवढंच म्हणाले. त्याच अपघातापोटी मला दोन वर्षांनी दहा लाख पंच्याहत्तर हजार मिळाले.

मी वकील नाही. धनकवडीत शिलाईकाम करते. पण या दोन वर्षांत ज्या गोष्टी ठेच लागून कळल्या, त्या तुम्हाला आधीच कळाव्यात म्हणून हे लिहितेय.

एक गैरसमज आधीच काढून टाका. भरपाई मागितली की समोरच्याचं घर विकलं जाईल, असं आपल्याला वाटतं आणि मन कचरतं. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि जखमी माणसाला द्यायची रक्कम त्या विम्यातूनच येते. गाडीचा विमा चालू असेल तर तुमचा खरा व्यवहार विमा कंपनीशी आहे, त्या पोराशी नाही.

१. दवाखान्यातल्या नोंदीत काय लिहिलंय ते पहिल्या दोन दिवसांत पाहा

१०८ किंवा ११२ ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात जा. मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, तसं कायद्यातच आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजनाही आहे. योजनेतल्या रुग्णालयात अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. दाखल होतानाच त्याबद्दल विचारा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. अपघाताचा रुग्ण आला की दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांसाठी नोंद. त्यात 'हकीकत' म्हणून एक ओळ असते. मला रिक्षात घालून आणलं ते रस्त्यावरच्या एका मुलाने. त्याने धडक पाहिलीच नव्हती. डॉक्टरांनी विचारलं तसं तो म्हणाला, "गाडीवरून पडल्यात." कागदावर ओळ आली, 'दुचाकीवरून घसरून पडल्याने दुखापत.' पुढे दीड वर्षाने विमा कंपनीच्या वकिलांनी नेमकी हीच ओळ वाचून दाखवली. त्यांचं म्हणणं, बाई स्वतःच पडल्या, मोटारीचा संबंध नाही. एका मिठाईच्या दुकानाचा कॅमेरा नसता तर माझा दावा तिथेच लंगडा झाला असता.

म्हणून शुद्धीवर असाल तर तुम्ही, नसाल तर घरच्यांनी, डॉक्टरांना स्वतः सांगायचं: कोणत्या गाडीने, कुठे, किती वाजता धडक दिली. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही. चुकीची नोंद झालीच असेल तर लगेच दवाखान्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलिसांना दिलेल्या जबाबातही नोंद का चुकली ते सांगा. महिन्याभराने केलेली दुरुस्ती कुणी खरी मानत नाही.

२. पोलीस ठाण्यातून काय काय आणायचं

आपल्याकडे तीन वेगवेगळी पोलीस दलं आहेत: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण. एकाच बायपासवर वाकडला अपघात झाला तर पिंपरी-चिंचवड, नवले पुलाजवळ झाला तर शहर, खेड शिवापूरला झाला तर ग्रामीण. "आमची हद्द नाही" हे ऐकून परत फिरू नका. गुन्हा शून्य क्रमांकाने कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, तो पुढे ते योग्य ठाण्याकडे पाठवतात.

जबाब लिहून झाला की पूर्ण वाचून मगच सही करा. माझ्या जबाबात 'मी वळत असताना' असं आलं होतं. मी तर सरळ जात होते! एका शब्दाने अर्धी चूक माझ्या माथी आली असती. दीर वाचत होते म्हणून तो शब्द तिथल्या तिथे बदलून घेता आला.

१ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांत भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५ लागतात. माझ्या वेळी जुन्या भारतीय दंड विधानाची २७९ आणि ३३८ होती. हाड मोडलं असेल तर ती कायद्याने 'गंभीर दुखापत' ठरते. एफआयआरमध्ये नुसती साधी दुखापत लिहिली असेल तर एक्स-रे दाखवून तपास अधिकाऱ्याला कलम वाढवायला सांगा.

ठाण्यातून मिळवायचे कागद:

- एफआयआरची प्रत (ही तक्रारदाराला मोफत मिळते)
- घटनास्थळाचा पंचनामा, नकाशासह
- साक्षीदारांचे जबाब
- अपघाताचा एए फॉर्म
- आरटीओचा वाहन तपासणी अहवाल
- समोरच्या गाडीचं आरसी, चालकाचं लायसन्स, विमा पॉलिसी
- दोषारोपपत्र, नंतर दाखल झालं की

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याला या अहवालाबद्दल नाव घेऊन विचारा. विचारणाऱ्याची फाईल हलते, हा माझा अनुभव.

विमा कंपनी कोणती ते शोधायला पोलिसांवर अवलंबून राहायची गरज नाही. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि विम्याची मुदत दिसते. त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि कॅमेरे. दुकानांच्या कॅमेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. माझे दीर चौथ्या दिवशी त्या मिठाईवाल्या काकांकडे गेले. काकांनी पेनड्राइव्हवर क्लिप दिली, पण नुसती क्लिप कोर्टात चालत नाही, सोबत साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (तेव्हा ते ६५ ब होतं). क्लिप ज्याच्या यंत्रातली आहे त्याच्याकडून ते घ्यायचं, आणि आता त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते. चौकातल्या सरकारी कॅमेऱ्यांचं चित्रण पोलिसांनाच मिळतं, त्यामुळे त्यासाठी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या.

३. फाईल: जाड असू दे, पण तारखेप्रमाणे

पहिल्या दिवसापासून एक फाईल करा. डिस्चार्ज कार्ड, फायनल बिल, प्रत्येक मेडिकलचं बिल आणि त्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी (चिठ्ठीशिवायचं बिल कापलं जातं), एक्स-रे, फिजिओच्या पावत्या, वॉकर, कमोड खुर्ची. बिलं थर्मल कागदावर असतात, सहा महिन्यांत कोरी होतात. माझी अकरा बिलं अशीच पुसली गेली. आलं बिल की मोबाईलवर फोटो आणि एक झेरॉक्स.

रिक्षाचा खर्च आपण सोडून देतो. धनकवडी ते फिजिओ, आठवड्यातून तीन वेळा, चार महिने. ॲपवरून रिक्षा बोलवली तर पावती आपोआप राहते. कामाला बाई ठेवली असेल तर तिला रोख न देता खात्यावर पैसे द्या. बाई ठेवली नाही, सासूबाईंनी किंवा बहिणीने सगळं केलं, तरीही सेवेचा खर्च मागता येतो. घरच्या माणसाने केलेली सेवा फुकट धरत नाहीत.

आणखी एक वही ठेवा, रोजच्या दोन ओळींची. 'आज जिना उतरता आला नाही.' 'रात्री दोनदा गोळी.' वेदना आणि सुखसोयी गमावल्याची भरपाई मागताना ही वही समोर ठेवून बोलता येतं.

४. कमाई सिद्ध करणं

पगारदारांना हे सोपं आहे: सॅलरी स्लिप, फॉर्म १६, रजेचा दाखला. आजारपणाची रजा वापरावी लागली तर तीही तुम्ही गमावलेली गोष्टच आहे, मागणीत लिहा.

माझ्यासारख्या हातावरच्या धंद्याचं काय? रिटर्न भरलेला नव्हता. पुराव्याशिवाय न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरतं, ते बहुतेक वेळा किमान वेतनाच्या आसपास राहतं. मी काय दिलं ते सांगते. मापांच्या तीन वर्षांच्या वह्या. त्यांत प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, ब्लाऊजची शिलाई, आगाऊ किती घेतले, बाकी किती. रविवार पेठेतून आणलेल्या अस्तर आणि दोऱ्यांच्या पावत्या. यूपीआयने आलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट. उद्यम नोंदणी. आणि दोन गिऱ्हाइकांची शपथपत्रं. महिना बावीस हजार मी सांगत होते, पंधरा हजार मान्य झाले. वह्या नसत्या तर तेवढेही झाले नसते. तुम्ही भाजीचा गाळा चालवत असा, रिक्षा चालवत असा की शिकवण्या घेत असा, वह्या टाकू नका. आणि अपघातानंतर कुणी "मागच्या तारखेने रिटर्न भरून देतो" म्हणालं तर नाही म्हणा. ते लगेच उघडं पडतं, आणि मग खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

५. सहा महिने: अर्ज आधी, बोलणी नंतर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. ही सगळ्यात मोठी खाच. विमा कंपनीकडून किंवा गाडीमालकाकडून "बघू, देऊ, पुढच्या महिन्यात बसू" असं चालू राहतं आणि मुदत निघून जाते. दावा दाखल झाला म्हणून तडजोडीचा दरवाजा बंद होत नाही. उलट, व्याज साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा उशीर म्हणजे तुमचंच नुकसान. मी पाचव्या महिन्यात दाखल केला.

पुण्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. अपघात खंबाटकी घाटात झाला तरी तुम्ही पुण्यात राहत असाल तर अर्ज पुण्यात करता येतो. साताऱ्याच्या चकरा नकोत.

वकिलांबद्दल थोडं स्पष्टच लिहिते. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात कार्ड वाटणारे एजंट भेटतील. "आत्ता एक रुपया नको, मिळाल्यावर तीस टक्के." निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. फी किती, कधी, हे आधी लिहून घ्या. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या पुरसिसवर (म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर), कोऱ्या चेकवर सही करू नका. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातच आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, औद्योगिक कामगार यांनाही. मला हे खूप उशिरा कळलं.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मार्ग वेगळा: हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. चूक कुणाची हे सिद्ध होणं कठीण असेल तर कलम १६४ आहे. त्यात चूक दाखवावी लागत नाही, पण रक्कम ठरलेली: गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. हा मार्ग घेण्याआधी वकिलांशी नीट बोला. कमावत्या माणसाला कायमचं अपंगत्व आलं असेल तर १६६ ची रक्कम सहसा बरीच मोठी असते.

६. शरीर कुठे थांबतंय ते कळेपर्यंत आकडा बोलू नका

हाड सांधलं की आपल्याला वाटतं, झालं. माझं हाड पाच महिन्यांत सांधलं, पण गुडघा पूर्ण वाकत नव्हता. तो वाकणारच नाही, हे डॉक्टरांनी दहाव्या महिन्यात सांगितलं. मधल्या काळात सही केली असती तर या 'कायमच्या'पणाचा एक रुपया मिळाला नसता. पुढचं ऑपरेशन, म्हणजे प्लेट काढणं, त्याचा अंदाजे खर्चही डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या. एकदा अंतिम तडजोड झाली की नंतरचं बिल कुणी देत नाही.

अपंगत्वाचा दाखला ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय अशा सरकारी ठिकाणाहून मिळतो. खाजगी डॉक्टरांचाही चालतो, पण कोर्टात साक्ष द्यायला ते येतील ना, हे आधी विचारा.

इथे सगळ्यात जास्त पैसे हरवतात, म्हणून सावकाश वाचा. माझ्या दाखल्यावर २४ टक्के होते, उजव्या पायाचे. विमा कंपनी म्हणाली, पूर्ण शरीराच्या हिशेबाने हे आठच टक्के. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलंय की दाखल्यावरचे टक्के आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या माणसाचं काम काय, ते काम आता कितपत जमतं, हे बघायचं. बँकेत बसून काम करणाऱ्याला माझ्याइतकाच गुडघा कमी वाकला तर पगार तोच राहील. मी दिवसाचे आठ तास उजव्या पायाने मशीनचं पेडल दाबते. आता तासाभराने पाय भरून येतो, उठून उभं राहावं लागतं, दिवसाला सहा ब्लाऊजचे चार झाले. हे मी मापांच्या वह्यांमधूनच दाखवलं: अपघाताआधीच्या सहा महिन्यांची पानं आणि काम परत सुरू केल्यानंतरच्या सहा महिन्यांची पानं, शेजारी शेजारी ठेवून. तुमच्या कामाचं असंच काहीतरी मोजून ठेवा.

७. आकडा स्वतः मांडा

पद्धत ठरलेली आहे, आणि शाळेतल्या गणिताएवढीच अवघड. महिन्याचं उत्पन्न घ्या. त्यात भविष्यातल्या वाढीचे टक्के मिळवा: स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत असेल तर ४०, चाळीस ते पन्नास असेल तर २५, पन्नास ते साठ असेल तर १०. कायम नोकरी असलेल्यांना हेच ५०, ३० आणि १५. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलं. मग बाराने गुणा, अपंगत्वाच्या टक्क्यांनी गुणा, आणि वयाच्या गुणकाने गुणा. गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातला: २१ ते २५ वयाला १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७, त्यापुढे ५.

मी ३८ वर्षांची होते. १५,००० अधिक ४० टक्के म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. कमाईवरच्या परिणामाची माझी मागणी २० टक्क्यांची होती, म्हणजे ५०,४००. गुणिले १५, झाले ७,५६,०००.

विमा कंपनीने हेच गणित वाढीचे टक्के न धरता आणि ८ टक्क्यांनी केलं: १,८०,००० चे ८ टक्के १४,४००, गुणिले १५, म्हणजे २,१६,०००. एकच पाय, एकच कागद, आणि पाच लाख चाळीस हजारांचा फरक. जखमी माणूस जिवंत असताना त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश कापत नाहीत. ती कपात मृत्यूच्या दाव्यांतली आहे. तीही माझ्या हिशेबात घुसवायचा प्रयत्न झाला होता, म्हणून सांगते.

यात बाकीची कलमं, म्हणजे भरपाईच्या बाकीच्या बाबी, मिळवायची. माझ्या कागदावर होती: उपचार २,८६,४००, सात महिने बुडालेली कमाई १,०५,०००, सेवा, आहार, प्रवास ६०,०००, प्लेट काढणं ७०,०००, वेदना आणि त्रास ७५,०००, सुखसोयी गमावल्याबद्दल ५०,०००. एकूण मागणी १४,०२,४००, व्याज वेगळं.

मेडिक्लेम असेल तर हे लक्षात ठेवा. माझं दीड लाखाचं बिल मेडिक्लेमने भरलं होतं, आणि "ते तुम्हाला मिळालेच आहेत" म्हणून समोरच्यांनी ते वजा केले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाल दिला की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही. तुम्ही हप्ते भरलेत, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का? त्यानंतरच्या बैठकीत तो मुद्दा समोरून परत आलाच नाही.

८. बोलणी

कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने न्यायाधिकरणासमोर तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधीच्या बैठकांमध्ये मिटतात. एका बाजूला तुम्ही आणि तुमचे वकील, दुसऱ्या बाजूला कंपनीचा अधिकारी आणि त्यांचे पॅनेलचे वकील.

त्याआधी कंपनीचा तपासनीस घरी येऊन जाईल. चहा द्या, नीट बोला, पण काहीही लिहून किंवा सही करून देऊ नका. "आता बरं वाटतंय ना?" याला आपण सवयीने "हो, बरंय" म्हणतो. तेच अहवालात उतरतं. खरं ते पूर्ण सांगा: चालता येतं, मांडी घालता येत नाही.

बैठकीला जाताना दोन आकडे मनात हवेत. एक मागणीचा, दुसरा ज्याच्याखाली उठून यायचं तो. माझा खालचा आकडा असा काढला होता: उपचार आणि बुडालेली कमाई यांत एक रुपया सोडायचा नाही, अपंगत्व कमीत कमी १४ टक्के धरायचं, बाकीच्या कलमांत थोडं खाली यायचं. तो साडेदहा लाखांच्या वर येत होता. हा आकडा बैठकीच्या आदल्या रात्री घरी सगळ्यांसमोर ठरवा. तिथे टेबलावर ठरवायला गेलात तर समोरच्याच्या घाईत ठरेल.

पहिला प्रस्ताव साडेचार लाखांचा आला. मला रडू आलं, खरं सांगते. वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "हिशेब दाखवता का? कोणत्या कलमाचे किती?" हा प्रश्न पाठ करा. नुसत्या आकड्याशी भांडता येत नाही, कलमाशी भांडता येतं. हिशेब कागदावर आला की दिसलं, वाढीचे टक्के गायब, मेडिक्लेम वजा, प्लेट काढायचा खर्च नाही. दुसऱ्या बैठकीत सात लाख. तिसरीत मी त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या वह्या काढल्या. अधिकाऱ्यांनी खरंच पानं उलटली, एका पानावर बोट ठेवून विचारलं, "या महिन्यात इतकं कमी का?" म्हटलं, त्या महिन्यात गुडघा सुजला होता, फिजिओची पावतीही त्याच महिन्याची आहे. तिथून आकडा हलला आणि दहा लाख पंच्याहत्तर हजारांवर थांबला.

हेल्मेट नव्हतं, तिघं बसला होता, असं म्हणून रक्कम कापायचा प्रयत्न होतो. त्या गोष्टीमुळे अपघात झाला किंवा दुखापत वाढली, हे दाखवावं लागतं. पाय मोडलेल्या माणसाला हेल्मेटवरून कापणं बरोबर नाही, तसं ठामपणे म्हणा. चालकाचं लायसन्स नसल्याचं कारण पुढे आलं तरी घाबरू नका. अशा वेळी अनेकदा कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश होतो.

आणि प्रत्येक प्रस्तावाला हे विचारा: "व्याज धरून की वेगळं?" दहा लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचे सत्तर हजार होतात. माझी रक्कम व्याज धरून होती. मी ती घेतली, कारण साक्षी, उलटतपास आणि वर उच्च न्यायालयात अपील गेलं तर आणखी किती वर्षं, याचा हिशेब आम्ही घरी केला होता. घर चालवायला दुसरी कमाई असती तर कदाचित थांबले असते. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं.

९. लोकअदालतीचा दिवस आणि त्यानंतर

लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. तेव्हा तडजोड पुरसिसवर सही करण्याआधी हे तपासा: रक्कम अंकी आणि अक्षरी सारखी आहे का, पैसे किती दिवसांत भरायचे ते लिहिलंय का, उशीर झाला तर व्याज किती ते लिहिलंय का, खातं तुमच्याच नावाचं आहे का. मराठीत समजावून सांगा म्हणायला लाजू नका. माझ्या पुरसिसमध्ये उशिराच्या व्याजाची ओळ नव्हती, ती हाताने लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या.

सोबत आधार, पॅन, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि एक रद्द केलेला चेक न्या. रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होऊ शकतो. औषधांसाठी किंवा कर्ज फेडायला जास्त रोख हवी असेल तर ते त्याच वेळी सांगा, नंतर वेगळा अर्ज करावा लागतो. कोर्ट फी भरलेली असेल तर लोकअदालतीत मिटल्यावर ती परत मिळते, तो अर्ज विसरू नका.

निवाड्याच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच आठवड्यात नक्कल अर्ज टाका. ठरलेल्या दिवसांत पैसे जमा झाले नाहीत तर या प्रतीवरूनच वसुलीची दरखास्त दाखल होते. माझे पैसे वेळेत आले. तरी ती प्रत मी कपाटात, मापांच्या वह्यांशेजारी ठेवली आहे.